दहा इंचांची चौकट

पडदा वर जातो तेव्हा आधी नुसती वाफ दिसते. क्वेबेकमधल्या रिव्हिएर-न्वार गावाच्या बर्फाच्या मैदानाला लागून वरचा मजला. एरवी तिथे बिंगो चालतो, लग्नाच्या मेजवान्या होतात, आणि गावातलं माणूस गेलं की दफनानंतरचं सूपही तिथेच पाजतात. दोन हजार पाच सालचा फेब्रुवारी, रविवार, दुपारचे बारा. बाहेर उणे सव्वीस. आत कॉफीची दोन भांडी खदखदताहेत, वाटाण्याच्या सुपाचं तिसरं, आणि त्या वाफेमागची सबंध भिंत काचेची. काचेतून खाली पांढरंशुभ्र मैदान, आणि त्यावर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र संथपणे फिरतंय, जणू त्याने प्रदक्षिणेचा नवस बोललाय.

रंगमंचाच्या मध्यभागी लांब टेबल. आठ गावांच्या आठ खुर्च्या. टेबलावर एकच वस्तू : मेपलच्या लाकडाची चौकट, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, हाताळून हाताळून मधासारखी झालेली. खोरे लीगमध्ये बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या प्रत्येक गोलरक्षकाचं पायाचं पॅड हंगामाच्या आरंभी या चौकटीतून सरकवायचं. सरकलं तर खेळा. अडकलं तर घरी जा. पॅडची रुंदी दहा इंच, हा नियम.

उजव्या दारातून एक म्हातारा लंगडत आत आला, टोपी काढून त्याने खांद्यावरचा बर्फ झटकला आणि चौकटीच्या अगदी समोरची खुर्ची सोडून कोपऱ्यातली धरली. हा ओव्हिला पोमर्लो. वय त्र्याहत्तर. चौकट त्यानेच बनवलेली, आणि लीगमधली सगळी पॅडंही त्याच्याच हातची.

त्या चौकटीत दहा इंच नव्हते. हे त्या हॉलमध्ये एकट्या ओव्हिलाला ठाऊक होतं, आणि तेही काल दुपारी चार वाजल्यापासून.

सभा कशासाठी होती ते सांगायला हवं. त्या हिवाळ्यात मोठ्या लीगला टाळं होतं. मालकांचं आणि खेळाडूंचं जमलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर काय पाहायचं हे क्वेबेकमध्ये कुणालाच कळेना. नवरे बायकांशी बोलू लागले, आणि त्यातून दोन-तीन घरांत भांडणंही झाली. खोरे लीगला वाटलं, आता आपले दिवस आले. आमची लीग धंदेवाईक. म्हणजे खेळाडू दिवसा लाकडाच्या गिरणीत काम करायचे आणि शनिवारी खेळण्याचं पाकीट घ्यायचे. लोक आले, बाकं भरली. आणि लोकांनी पाहिलं काय, तर एक-शून्य. शून्य-शून्य. दोन-एक झालं की त्याला धुमाकूळ म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात लोक परत बायकांशी बोलायला घरी गेले.

तेव्हा गोल वाढवायचे कसे, यावर ही सभा.

ओव्हिलाचा बाप घोड्यांचं सामान शिवायचा. जंगलातून ओंडके ओढून आणणारे घोडे, त्यांच्या गळपट्ट्या, पाठीखालच्या गाद्या, लगाम. ओव्हिला सात वर्षांचा असताना त्याचा डावा पाय ओंडक्याखाली सापडला आणि दोन बोटं आखूड राहिला. ज्या गावात पोर धड चालायच्या आधी स्केटवर उभं राहतं, तिथे हा मुलगा जन्मात स्केटवर उभा राहिला नाही. मुलं त्याला बूट घालूनच गोलात उभा करायची. “तुला पळता येत नाही ना? मग उभा राहा,” एवढाच विचार त्यामागे होता. तो बापाच्या दुकानातल्या घोड्यांच्या गाद्या पायांना बांधायचा आणि उभा राहायचा.

पुढे ट्रॅक्टर आले. घोडे गेले, त्यांच्यामागे बाप गेला, दुकान उरलं. छप्पन साली एक गोलरक्षक फाटकं पॅड घेऊन दारात आला. ओव्हिलाने ते उसवलं, तर आत हरणाचे केस, गवत, अर्धं वर्तमानपत्र आणि उंदराचं घरटं.

“हे पॅड नव्हे,” ओव्हिला म्हणाला, “हे बिऱ्हाड आहे.”

आणि त्याने नवीन करून दिलं. तेव्हापासून तो तेच करत आला. हरणाचे केस काठीने ठासून भरायचे. जास्त ठासले तर पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, आपटून उसळतो आणि समोरच्याच्याच काठीवर जाऊन पडतो. कमी ठासले तर गोलरक्षकाचं नडगीचं हाड पहिल्या सामन्यातच बोलू लागतं. या दोहोंमधला घट्टपणा ओव्हिलाच्या तळहाताला कळायचा. नंतर स्पंज आला. त्याने आठ दिवस दुकान बंद ठेवून शोक पाळला, आणि नवव्या दिवसापासून स्पंज वापरायला लागला.

पण त्याचं खरं नाव झालं ते मापासाठी. खिशात बापाची घडीची लाकडी पट्टी असायची. आधी तीन वेळा मोजायचं, मग एकदा कापायचं, आणि कापून झाल्यावर चौथ्यांदा मोजायचं. गावात एखादी गोष्ट निर्विवाद असली की लोक “ओव्हिलाच्या मापाची” म्हणायचे. शवपेटीच्या लांबीवरून वाद झाला तेव्हाही त्यालाच बोलावलं होतं. शहात्तर साली लीगने पॅड मोजायची चौकट करायचं ठरवलं, तेव्हा ती कुणी करायची हा प्रश्नच निघाला नाही.

एकोणतीस वर्षांत त्याचं एकही पॅड त्या चौकटीत अडकलं नाही. हे तो पाहुण्यांना सांगायचा, दुसऱ्यांदा कॉफी ओतताना.

त्याच्या पॅडांनी मोठं नाव कमावलं ते नॉर्मां बारिबोच्या पायांवर. नॉर्मां म्हणजे ओव्हिलाच्या बायकोचा, जॅर्मेनचा, धाकटा भाऊ. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या हंगामात त्याने चौदा सामने कोरे ठेवले. चौदा सामन्यांत समोरच्यांना एकही गोल नाही. खोऱ्यात हा विक्रम अजून कुणी मोडला नव्हता. त्याचा एक नंबरचा सदरा मैदानाच्या छताला टांगलेला होता, आणि त्याची ती पॅडं खाली काचेच्या कपाटात. नॉर्मां आता त्रेपन्न वर्षांचा, पोट सुटलेला, मैदानाचा रखवालदार. खाली फिरणारं ते यंत्र तोच चालवत होता.

आता कालचा शनिवार.

लीगचा अध्यक्ष फर्नां लाव्हर्ड्युर. त्याचं रस्त्यावरचा बर्फ उपसणाऱ्या गाड्यांचं गॅरेज होतं. त्याने ओव्हिलाला निरोप दिला होता : पॅडं बारीक करायचीच ठरली, तर नऊ इंचांची नवी चौकट लागेल. तिचा आराखडा आण, आणि सेंटिमीटरमध्ये आण, पंच सगळे तरुण आहेत. म्हणून ओव्हिलाने ल्युसियेनच्या हार्डवेअरच्या दुकानातून पोलादी टेप आणली आणि जुन्या चौकटीला लावली. दहा इंच म्हणजे साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर, हे त्याला कागदावरून माहीत होतं. टेप म्हणाली सत्तावीस.

ओव्हिला टेप परत करायला गेला.

“खराब आहे,” तो म्हणाला.

“टेप?” ल्युसियेनने विचारलं. “टेप कशी खराब होईल, मोनोंक?” मोनोंक म्हणजे काका, गावात साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला तो किताब आपोआप मिळतो.

“हिला जास्त येतं.”

ल्युसियेनने दुसरी दिली. अर्ध्या तासाने ओव्हिला परत.

“हिलाही तोच रोग.”

“मोनोंक, ही दुसऱ्या कारखान्याची आहे.”

“मग रोग साथीचा आहे. तिसरी दे.”

तिसरीही सत्तावीस म्हणाली. ओव्हिला घरी आला आणि जॅर्मेनच्या शिवणाच्या डब्यातून पडदे मोजायची कापडी टेप काढली. तीही सत्तावीस म्हणाली, तेव्हा मात्र त्याने टेपांना दोष देणं सोडलं. कारखाने खोटं बोलतील. जॅर्मेनची टेप तिच्या लग्नातली होती.

त्याने बापाची पट्टी खिडकीशी नेली आणि भिंग लावून पाहिली. पट्टीला दोन बाजू. एकीवरचे आकडे स्वच्छ, त्याच बाजूने त्याने आणि त्याआधी त्याच्या बापाने आयुष्यभर मोजलेलं. दुसरी बाजू अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेली. तिच्याकडे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. भिंगाखाली त्या झिजलेल्या बाजूवर पुसट अक्षरं दिसली : इंग्लिश.

म्हणजे ही बाजू फ्रेंच.

आमच्याकडे जमिनी अजून राजाच्या काळच्या फ्रेंच फुटांत मोजलेल्या आहेत, नोटरीच्या कागदांत तसंच लिहिलेलं असतं. लाकूड इंग्लिश फुटाने विकतात. शाळेत सेंटिमीटर शिकवतात. तिन्ही मापं एका गावात नांदतात आणि रस्त्यात भेटली तरी एकमेकांना ओळख देत नाहीत. फ्रेंच इंच इंग्लिश इंचाहून अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, मोठा. दहा इंचांवर पाच सूत. घोड्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

पट्टी फ्रेंच, पॅडं त्या पट्टीची, आणि पॅडं तपासायची चौकटही त्याच पट्टीची. एकही पॅड अडकलं नव्हतं यात नवल ते काय.

तो रात्रीच्या जेवणाला बसला, पण जेवला नाही. जॅर्मेनने कारण विचारलं. त्याने सांगितलं. 

“कुणाला सांगितलंस?”

“तुला.”

“नॉर्मांला?”

ओव्हिलाने नकारार्थी मान हलवली.

“त्याच्याकडे त्या चौदाशिवाय दुसरं काय आहे रे,” जॅर्मेन म्हणाली. मग ताट उचलताना म्हणाली, “आणि तुझ्याकडे तरी त्या मापाशिवाय काय आहे?”

तर असा तो माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता.

फर्नांने चमच्याने कप वाजवला. ल्युसियेन लीगचा चिटणीस होता, त्याने वही उघडली. खालचं यंत्र थांबलं आणि नॉर्मां बुटांना बर्फ घेऊन वर आला.

“मुद्दा सरळ आहे,” फर्नां म्हणाला. “गोल होत नाहीत. सूचना आल्यात पाच. मधली लाल रेघ पुसायची, म्हणजे लांब पास देता येईल. गोलरक्षकाने जाळ्याच्या मागे फिरायला जायचं नाही. बरोबरी झाली तर एकेकाने समोरून फटके मारायचे. पॅडं बारीक करायची. किंवा जाळं चार इंच रुंद करायचं.”

“सगळंच करा,” युगेत म्हणाली. खालच्या फराळाच्या खिडकीवर तळलेले बटाटे, चीज आणि वर रस्सा घातलेली पुतीन ती विकायची, आणि गावातर्फे सभेला तीच आली होती. “गोल झाला की माणूस उठतो. उठला की त्याला भूक लागते. या वर्षी माझी गिऱ्हाइकं बसल्या जागी झोपतात. मागच्या शनिवारी एकाला उठवून दार लावलं मी.”

“तो लाक-पेर्दू गावचा होता,” ल्युसियेन म्हणाला. “ते घरूनच झोपून येतात.”

नॉर्मां उठला. “जाळं मोठं करा, मग पक मोठा करा, मग गोलरक्षकाला घरीच बसवा. फोनवरून अडवेल. अहो, पोरांना नेम धरता येत नाही, हे का बोलत नाही कुणी?”

“नॉर्मां, मुद्द्यावर ये.”

“मुद्दा हाच! आम्हाला कुणी जाळं लहान करून दिलं होतं का? तेच जाळं, तेच दहा इंच. थांबा.” तो धाडधाड जिना उतरला आणि कपाटातली आपली जुनी पॅडं काखेत घेऊन वर आला. त्यातलं एक त्याने चौकटीत घातलं. पॅड लोण्यातून सुरी जावी तसं पलीकडे गेलं. आठ गावांनी टाळ्या वाजवल्या.

“बघा. अठ्ठ्याहत्तर सालचं. दहा म्हणजे दहा. खोट पॅडांत नाही.”

“पटलं,” फर्नां म्हणाला. “पॅडं नियमात आहेत. म्हणजे राहिलं जाळं. जाळं चार इंचांनी वाढवावं, याला ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा.”

नॉर्मांचं तोंड उघडं राहिलं. आपणच आपल्यावर गोल केला, हे त्याला दोन क्षण कळलं नाही.

एक हात वर गेला, दोन, चार. जाळं मोठं झालं असतं तर ते पाच सूत कायमचे झाकले गेले असते. पुन्हा कुणी ती चौकट मोजायला गेलं नसतं. ओव्हिलाला फक्त बसून राहायचं होतं, आणि बसून राहायची परवानगी त्याच्या पायाला सातव्या वर्षापासून होती. पण खोऱ्यातल्या सोळा गोलरक्षकांना त्या वाढीव जाळ्यासमोर उभं राहावं लागणार होतं, त्याच्या बापाच्या पट्टीपायी.

तो उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

“जाळं मोठं करू नका,” तो म्हणाला. “पॅडं मोठी आहेत.”

“मोनोंक, आत्ताच गेलं ना त्यातून?”

“चौकटही मोठी आहे.”

“कितीने?”

“पाच सूत.”

“कुणाची पॅडं?”

“सगळ्यांची.”

“कधीपासून?”

ओव्हिलाने आठवून पाहिलं. “छप्पन.”

 मग त्याने पट्टी काढली, दोन्ही बाजू दाखवल्या आणि सगळं सांगितलं, टेपांसकट. पट्टी हातोहात टेबलभर फिरली. प्रत्येकाने ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, आणि काही कळल्यासारखी मान हलवून पुढे दिली.

पहिला बोलला तो ल्युसियेन. “म्हणजे माझ्या तिन्ही टेपा बरोबर होत्या.”

“होत्या.”

“हे लिहून घेतो.” आणि त्याने लिहून घेतलं.

“म्हणजे एकोणपन्नास वर्षं माझी गिऱ्हाइकं तुमच्या बापामुळे बसून राहिली?” युगेतने विचारलं. तिचं दुकान बारा वर्षांचंच होतं, पण त्या वेळी ते कुणी काढलं नाही.

“शवपेट्यांचं काय?” मागून कुणीतरी विचारलं.

“त्या मोठ्याच झाल्या असतील,” ओव्हिला म्हणाला. “तक्रार आली नाही.”

नॉर्मांने टेबलावरची दोन्ही पॅडं उचलली. ती पोटाशी धरून तो काचेच्या भिंतीशी गेला आणि छताला टांगलेल्या सदऱ्याकडे पाहत उभा राहिला.

“आणि माझे चौदा?” तो म्हणाला.

“नॉर्मां...”

“भावोजी, मी तुम्हाला नाही विचारलं.”

तो खाली गेला. यंत्र पुन्हा सुरू झालं. बर्फ नुकताच घोटून झालेला होता, तरी त्या दुपारी मैदान आणखी सहा वेळा गुळगुळीत झालं.

वर ठराव झाला तो असा : जाळं आहे तेच ठेवावं. पॅडं खऱ्या दहा इंचांची करावीत, आणि ती येत्या शनिवारच्या आत मोनोंक ओव्हिलाने करून द्यावीत. लाल रेघेसाठी उपसमिती नेमावी. त्या उपसमितीची बैठक अजून व्हायची आहे.

सोमवारी सकाळपासून ओव्हिलाच्या दाराशी पिकअप गाड्या लागल्या. सोळा गोलरक्षक, बत्तीस पॅडं. बाहेरची शिवण उसवायची, पाच सुतांची पट्टी कापायची, स्पंज छाटायचा, परत शिवायचं. पोलादी टेप टेबलाला खिळ्याने ठोकलेली होती. येणारा प्रत्येक जण ती वाकून बघायचा आणि “कुठली बाजू, मोनोंक?” असं विचारायचा. बुधवारपर्यंत हा विनोद अकरा जणांनी केला. ओव्हिला प्रत्येकाला “हिला एकच बाजू आहे” असं सांगायचा. रागवायचा अधिकार आपल्याकडे उरलेला नाही, अशी त्याची समजूत होती.

रस्त्यात लोक भेटत, नमस्कार करत. पण पाववाल्या बाईने पाव देताना तो दोन्ही हातांत धरून लांबी मापल्यासारखं केलं, तेव्हा ती हसली आणि ओव्हिलाला हसता आलं नाही.

नॉर्मां दर बुधवारी बहिणीकडे जेवायला यायचा. वीस वर्षांत हा नेम एकदाच चुकला होता, त्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा. त्या बुधवारी तो आला नाही. जॅर्मेनने त्याच्या वाटणीची मीट-पाय, म्हणजे खिमा भरून भाजलेली जाड पोळी, ताटाखाली झाकून ठेवली आणि दर दहा मिनिटांनी रस्त्याकडे पाहिलं.

“दोन पायांचे मिळून सव्वा इंच,” ती म्हणाली. “त्यापायी माझा भाऊ घरी येत नाही.”

“न सांगता बसलो असतो तर आला असता.”

“आला असता. आणि तू त्याच्या तोंडाकडे न बघता जेवला असतास. मला दोन्ही माहीत आहे, तेव्हा मला शिकवू नकोस.”

गुरुवारी दुपारी कार्यशाळेचं दार उघडलं आणि नॉर्मां आत आला. त्याने आपली अठ्ठ्याहत्तर सालची पॅडं टेबलावर आदळली.

“हीही कापा.”

“तू खेळत नाहीस आता.”

“कापा म्हणतो ना.”

“यात स्पंज नाही, केस आहेत. उसवली की...”

“भावोजी, सोळा पोरांची कापलीत. सतरावा मी. का, माझ्या पॅडांना तुमची कात्री लागत नाही?”

 ओव्हिलाने तीन वेळा मोजलं आणि शिवण उसवली. सत्तावीस वर्षांपूर्वी आपणच ठासलेले हरणाचे केस त्याने चिमटीने काढले, कातडं कापलं, परत ठासलं, शिवलं. दोन तास लागले. नॉर्मां स्टुलावर बसून होता. एकदाच बोलला : “ताई बरी आहे?” ओव्हिला म्हणाला, “मीट-पाय तुझी वाट पाहून वाळली.” नॉर्मांने पॅडं काखेत मारली आणि निघून गेला.

शनिवारी दोनचा सामना, लाक-पेर्दूविरुद्ध. एक वाजता बाकं भरायला लागली, आणि लोकांनी पाहिलं की नॉर्मां बारिबो ती जुनी पॅडं बांधून गोलात उभा आहे. सदरा साधा होता. एक नंबरचा वर टांगलेला होता. त्याने गावाच्या संघाला बोलावलं आणि सांगितलं, वीस फटके मारा. दया केलीत तर पुढच्या आठवड्यात तुमच्या वेळेला मैदान खरवडून ठेवीन.

पोरांनी दया केली नाही. पहिला फटका त्याने अडवला आणि पडला. उठायला त्याला इतका वेळ लागला की दुसऱ्या खेळाडूने चष्मा पुसून घेतला. तिसरा आत गेला. चौथा मास्कला लागला. वीस फटके होईतो त्याचा चेहरा बीटासारखा झाला होता. बारा अडवले, आठ आत. बाकांवर लगेच वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणाला, हे पाच सुतांनी केलं. दुसरा म्हणाला, हे पंचवीस वर्षं खाल्लेल्या पुतीनने केलं. युगेतने दुसऱ्या पक्षाकडे असं पाहिलं की तो पक्ष फुटला.

ओव्हिला सातव्या रांगेत, हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे गच्च मिटून बसला होता. शेजारच्या बाईला वाटलं, जपमाळ चालली असेल.

मग सामना झाला, खऱ्या दहा इंचांचा पहिला. दुसरा भाग संपला तेव्हा चार-चार गोल झाले होते. लोक उभे होते. युगेतचे बटाटे संपले. ती खिडकीतून डोकं काढून, आता फक्त रस्सा आहे, असं ओरडत होती, आणि लोक रस्सा घेत होते.

मधल्या वेळेत नॉर्मांने आधी मैदान गुळगुळीत केलं आणि मग पायऱ्या चढून सातव्या रांगेत आला. अंगाला घामाचा आणि डिझेलचा वास. तो ओव्हिलाशेजारी बसला. 

“मघाशी डोळे मिटून बसला होतात,” नॉर्मां म्हणाला. “इतका वाईट दिसत होतो?”

“मी पाहत नाही. तू गोलात असलास की मी कधीच पाहिलं नाही.”

“कधीच?”

“पॅड माझं, मेव्हणा माझा. पाहवत नाही. मी ऐकतो.”

“काय ऐकता?”

“पक मधोमध बसला की ढब्ब असा आवाज येतो. कडेच्या शिवणीवर बसला की टच्. कोरडा. फांदी मोडल्यासारखा.”

नॉर्मां त्याच्याकडे वळला. पाच सूत म्हणजे ती बाहेरची शिवणच, हे त्याने गुरुवारी स्टुलावर बसून दोन तास पाहिलं होतं.

“त्या चौदा सामन्यांना तुम्ही होतात?”

“चौदाही. बाहेरगावी बसने यायचो, जॅर्मेनबरोबर.”

“मग सांगा. किती वेळा आला तो टच्?”

 ओव्हिलाने बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा पहिल्या बोटापासून मोजलं, आणि तिसऱ्यांदा मोजलं.

“जानेवारीत मों-रोंला, तिसऱ्या भागात. फेब्रुवारीत इथेच. आणि मार्चमधला शेवटचा सामना.”

“मार्चमधला,” नॉर्मां हळूच म्हणाला. “मला तो गेलाच वाटला होता. मी मागे वळून जाळ्यात पाहिलं.”

“हो. लोक हसले होते. तेही ऐकलं मी.”

खालून भोंगा वाजला. खेळाडू बर्फावर उतरू लागले. नॉर्मांने पंज्याने तोंड पुसलं, छताच्या सदऱ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “मग आता मी काय धरून चालू, भावोजी?”

“अकरा तुझे, नॉर्मां,” ओव्हिला म्हणाला. “तीन माझे.”